नको म्हटले तरी वाजणारा फोन

आज आपल्या वस्तीत घरटी एक तरी मोबाईल आहे. तो कुणी चैन म्हणून घेतलेला नाही. कंत्राटावर सफाईचे काम करणाऱ्या भावाला मुकादम रात्री फोन करून दुसऱ्या दिवसाची पाळी सांगतो. धुणीभांडी करणाऱ्या बहिणीला ‘आज येऊ नकोस’ हा निरोप फोनवरच मिळतो. म्हणून अनोळखी क्रमांक दिसला तरी आपल्या माणसाला फोन घ्यावाच लागतो. साहेबलोक तो कापू शकतात. रोजंदारीवरच्या माणसाला ते परवडत नाही. नेमक्या याच गरजेवर मोबाईल कंपन्यांची विक्री चालते.

मागे एकदा आमच्या मोबाईल कंपनीने आमचा असाच पिच्छा पुरविला. प्रीपेडचे पोस्टपेड करा, घरी इंटरनेट घ्या, गाण्याची ट्यून लावा. दिवसातून तीन-चार फोन ठरलेले. कार्यालयात हिशेब जुळवीत बसलो की फोन, लोकलमध्ये लटकत असताना फोन. एका नातेवाइकाच्या अंत्ययात्रेत असतानाही खिशात फोन वाजला. घरचे कुणी असेल म्हणून घेतला, तर ‘सर, आपल्यासाठी खास योजना आहे!’

आमचा नुसता वेळ गेला. शेजारच्या मावशींचे मात्र पैसे गेले. मावशी चार घरची कामे करतात. फोनवरच्या मुलीने त्यांना ‘मॅडम’ म्हटले. जन्मात कुणी मॅडम म्हटले नव्हते, त्यामुळे मावशी प्रत्येक वाक्याला ‘हो बेटा, हो’ म्हणत राहिल्या आणि ३० रुपयांची गाण्यांची सेवा त्यांच्या माथी बसली. ३० रुपये म्हणजे मावशींची एका दिवसाची भाजी!

वाचकहो, दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय. या संस्थेने २०१३ साली कंपन्यांना बजावले आहे की, अशी पैशाची सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दुसऱ्यांदा, स्वतंत्रपणे संमती घेतली पाहिजे. बोलण्याच्या ओघात म्हटलेले ‘हो’ पुरेसे नाही. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा मोफत क्रमांक आहे. आम्ही मावशींच्याच फोनवरून तो लावला, सेवा बंद करविली आणि कंपनीकडे पैसे परत मिळण्यासाठी तक्रार नोंदविली. नवव्या दिवशी ३० रुपये परत जमा झाले.

ही हकिकत ऐकून वस्तीतला एक तरुण म्हणाला, “काका, एवढं कशाला? आम्ही तर सरळ शिव्या घालतो.” त्याला आम्ही आमच्या पुतणीची गोष्ट सांगितली. ती बी.कॉम. झाली, दीड वर्ष नोकरीसाठी वणवण केली आणि शेवटी एका कॉल सेंटरात लागली. ती म्हणते, “काका, समोर लिहून दिलेलं असतं तेच वाचायचं. समोरचा नको म्हणाला की दुसरं वाक्य, परत नको म्हणाला की तिसरं. दिवसाचा आकडा भरला नाही तर सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात. साध्या शिव्यांची सवय झाली. पण बाईमाणसाला उद्देशून घाणेरडं बोलतात, त्या दिवशी डबा तसाच घरी येतो.”

विचार करा, आपल्याच वस्तीतली मुलगी फोनच्या त्या टोकाला बसलेली असते. आपण दिलेली शिवी कंपनीच्या मालकापर्यंत जात नाही, ती त्या मुलीच्या कानातच राहते. तक्रार मात्र कंपनीच्या दप्तरी जाते आणि तिची दखल घ्यावी लागते.

आम्ही पडलो कारकून. आवक-जावक वही हा आमचा रोजचा व्यवहार. तीच पद्धत आम्ही घरी आणली. फोनजवळ एक शाळकरी वही ठेवली. तीत तारीख, वेळ, आलेला क्रमांक आणि कशाची विक्री ते लिहू लागलो. प्रथम १९०९ या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहून, एक जागा सोडून शून्य असा संदेश पाठविला. त्याने सर्व जाहिराती नको असल्याची नोंद होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी १९०९ ला नुसता फोन लावला तरी चालतो. पैसे पडत नाहीत. बँकेचे व्यवहाराचे संदेश किंवा ओटीपी यामुळे बंद होत नाहीत, तेव्हा ती भीती नको.

नोंद करूनही फोन आला तर त्याच १९०९ वर तक्रार करावी. पूर्वी तीन दिवसांच्या आत करावी लागे. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने ही मुदत सात दिवसांची झाली. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. साध्या दहा आकडी मोबाईलवरून विक्री करणे नियमात बसत नाही, त्याचीही तक्रार होते. आपण जिचे ग्राहक आहोत त्या कंपनीलाही यातून सूट नाही. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. पैसे कापल्याच्या तक्रारीचा निकाल पटला नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आमच्या वहीत अकरा नोंदी झाल्या, सहा तक्रारी गेल्या. तीन आठवड्यांत आमच्या कंपनीचे फोन थांबले. कर्ज देणारे, भूखंड विकणारे अधूनमधून उगवतात, पण त्यांचीही नोंद होते. फोनवर आम्ही एवढेच म्हणतो, “ताई, आम्हाला नको. आमचा नंबर यादीतून काढा. तुमच्यावर राग नाही.” आणि फोन ठेवतो.

गेल्या दोन रविवारी मंडळाच्या खोलीत बसून आम्ही वस्तीतल्या २३ जणांच्या फोनची नोंद करून दिली. हे काम शिकलेल्या कुठल्याही मुलाला करता येण्यासारखे आहे. बंधू-भगिनींनो, आज संध्याकाळी जेवणे झाल्यावर आपल्या आई-वडिलांचा, शेजारच्या मावशी-काकांचा फोन हातात घ्या. त्यातून न मागितलेल्या सेवेचे पैसे जात आहेत का ते पाहा, १९०९ ला संदेश पाठवा आणि वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घाला.