पाटनच्या शेतातली शेड

जबलपूर जिल्ह्याचा मटार देशभर जातो. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेतही जिल्ह्याच्या नावापुढे मटारच लिहिलेला आहे. आमचं शेत पाटन तहसीलमध्ये, सासऱ्यांच्या वडिलांपासूनचं. सकाळी तोडलेल्या शेंगा पोत्यांत भरून थप्पी लावली की दुपारी मधल्या पोत्यात हात घालून पाहावा, आत वाफ धरलेली असते. शेंगांची टोकं पिवळी पडायला लागतात, आणि व्यापारी पहिलं बोट तिथेच ठेवतो. चार पत्र्यांची हवेशीर शेड असती तर माल सावलीत निवडता आला असता. शेजाऱ्यांचाही माल मजुरीवर निवडून भरून द्यावा असं माझ्या मनात होतं.

आपलाच माल ठेवायचा तर प्रश्न नव्हता. दुसऱ्याचा घेतला की तो व्यवसाय, आणि व्यवसाय म्हटला की डायव्हर्शन, म्हणजे शेतजमीन बिगरशेती वापरात आणणं. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 ची. तिच्या कलम 172 खाली पूर्वी परवानगी मागावी लागे. 2018 च्या दुरुस्तीनं ते कलम काढून टाकलं. आता जमीनमालकानं प्रीमियम आणि नवा आकार स्वतः काढून भरायचा आणि उपविभागीय अधिकाऱ्याला तसं कळवायचं. हे वाचून मला फार बरं वाटलं. सरकारनं मालकावर विश्वास टाकला होता.

पण कळवणार कोण? ज्याचं नाव खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, आहे तो. खसऱ्यात सासरे होते, आणि ते जाऊन बराच काळ लोटला होता. फौती नामांतरणाचा, म्हणजे त्यांच्या जागी वारसांची नावं चढवण्याचा अर्ज केलेला होता. तो कधी या टेबलावर, कधी त्या. मग दिरांची संमती, मग बटवारा. अखेर आमचा तुकडा कागदावर वेगळा झाला, तेव्हा शेडच्या कर्जासाठी गेल्यावर बँकेनं विचारलं, याची हद्द कुठे आहे?

इथे मी खरी अडले. त्याच संहितेच्या कलम 129 प्रमाणे सीमांकनाचा, म्हणजे हद्द आखून घेण्याचा अर्ज तहसीलदारांकडे करायचा, मोजणी राजस्व निरीक्षकानं करायची, शेजाऱ्यांना आधी नोटीस द्यायची. नोटीस गेली, तर शेतात गहू उभा होता. पिकात मोजणी होणार नाही म्हणाले. पीक निघालं, तेव्हा निरीक्षक दुसऱ्या कामावर. पुढे पाऊस आला. शेवटी मोजणीला लोक आले आणि चांदा सापडेना. चांदा म्हणजे ज्या दगडापासून माप धरायचं तो. नकाशात त्याची खूण होती, जागेवर बाभळीचं झुडूप. पटवारी शांतपणे म्हणाला, “दीदी, रकबा तो कागज में बराबर है.” शेजारचे काका बांधावर हात मागे बांधून उभे होते. त्यांचं-आमचं कधी भांडण नव्हतं, पण त्या दिवशी तेही फार जपून बोलत होते.

माझा मावसभाऊ अमरावतीला असतो आणि अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाचं म्हणणं त्याला पटलेलं आहे: सीलिंग, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहणाचे कायदे शेतकऱ्याच्या गळ्यातले फास आहेत, आणि संविधानाच्या नवव्या परिशिष्टानं त्यांना कोर्टापासून आसरा दिला. फोनवर तो म्हणाला, “ताई, तुझी शेड याच जातकुळीची गोष्ट आहे.” त्याचं अर्धं मला मान्य आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेत विकत घेता येत नाही, मग शेतीत बाहेरचा पैसा आणि नवी माणसं यायची कुठून, हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

पण 1951 साली नववं परिशिष्ट आलं, तेव्हा त्यातल्या पहिल्या तेरा कायद्यांत मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, संपवणारा मध्य प्रदेशचा 1950 चा कायदाही होता. आमच्या भागातली कितीतरी घरं त्यानंतर मालगुजाराचा हिशेब न देता आपल्या नावानं सारा भरू लागली. असा कायदा जास्तीचा होता, असं माझ्या तोंडून निघणार नाही. काही ठिकाणी तर कायदा हवाच: जबलपुरात 1 ऑगस्ट 2022 ला एका खासगी रुग्णालयाला आग लागून आठ माणसं गेली. अशा ठिकाणी सरकारनं दारात उभं राहून जिने आणि वायरिंग तपासावं, मालकाला कितीही जाच वाटो. माझ्या शेडमधून कुणाच्या अंगावर काय पडणार होतं? बारदानाची धूळ. तिथे मात्र कागदामागून कागद. आणि जे काम सरकारशिवाय दुसरं कुणी करूच शकत नाही, म्हणजे कुणाची जमीन कुठे संपते ते दाखवणं, त्यासाठी दगडही जागेवर नव्हता. मला कायदा कमी नको आहे, तो जिथे लागतो तिथे हवा आहे. नामांतरण आणि सीमांकन वेळेत झालं, तर 2018 ची ती चांगली सुधारणा आमच्यापर्यंत पोचेल.

फेब्रुवारी 2024 मध्ये सायबर तहसील राज्यभर लागू झाली. नोंदणीकृत खरेदीखत झालं आणि वाद नसेल तर नाव आपोआप चढतं. वारसाचं नाव तसं चढत नाही, आणि पाटनमध्ये अडकतं ते बहुतेक वारसाचंच.

एवढं सगळं होऊन आमची शेड यंदा उभी राहिली. शेजारच्या काकांनाही आता एक बांधायची आहे. मी त्यांना सांगितलं, पत्र्याचा भाव नंतर विचारा, आधी वडिलांचा मृत्यूचा दाखला काढा.