घोडीसाठी गाडी

मोटारीतलं मला किती कळतं, हे माझ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. तरीही धाराशिवजवळच्या खेड्यातला माझा मेहुणा माहितीपुस्तिकांची चळत घेऊन आला नि म्हणाला, "दाजी, तुम्ही शिकलेले. घोडीचा ट्रेलर ओढायला यातली कुठली घेऊ?"

घोडी म्हणजे चांदणी. गेल्या वर्षी भाड्याच्या टेम्पोतून तिला सोलापूरला नेताना तुळजापूरच्या घाटात चालकानं करकचून ब्रेक दाबला नि ती गुडघ्यांवर आपटली. ती जखम मी पाहिली होती. थट्टेवारी नेववेना.

वाचू लागलो. घोडी ४०० किलोची, ट्रेलर रिकामाच ७००-८००चा. म्हणजे मागचं ओझं हजारावर. मेहुण्याची नजर सारखी अश्वशक्तीच्या आकड्यावर. (घोडेवाल्याला दुसरं काय दिसणार!) मला वाटलं, चढ काय, कशीबशी चढेल, उतारावर मागचं ओझं पुढच्याला ढकलू लागतं, तिथं खरी परीक्षा. गाडी स्वतः जड हवी, लो गिअर हवा, ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक हवेत. चारही चाकांची ओढ लागते ती पावसाळ्यात काळ्या रानातून सडकेला लागेपर्यंत. या गाड्यांत कोरड्या डांबरीवर ती बंदच ठेवायची.

विक्रेत्यानं आधी गाडीतली गाणी ऐकवली. "ट्रेलर किती किलोचा ओढते?" म्हटल्यावर तो साहेबांना विचारायला आत गेला.

अखेर वापरलेली, दणकट गाडी घेतली. चांदणीचा दाणा हल्ली ट्रेलरमध्येच ठेवतात. पुढचे दोन पाय आत येतात. मागचे अजून फळीवरच आहेत.