झाकण

उपग्रहांनी पाठवलेली चित्रं शाळेच्या गच्चीवरूनच घेता यावीत, म्हणून स्वस्त संच करायला घेतला, तेव्हा माझा एक हट्ट होता: मुलांच्या हाती जाणारी पेटी बंद हवी. अँटेना तयार, प्रोग्राम आतल्या छोट्या संगणकात भरलेला, वर झाकण. मुलांनी बटण दाबायचं आणि बघायचं. याला मी सोय म्हणत होतो. खरं तर तो मुलांवरचा अविश्वास होता.

२०१६ साली पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हे उपग्रह अवकाशात गेले. मला मनापासून आनंद झाला होता. तरी आत कुठेतरी वाटत होतं, ती मुलं वेगळी, आपली सोलापूरची वेगळी. हे आज लिहितानाही लाज वाटते.

२०२५च्या जून ते ऑगस्टमध्ये नोआ-१८, नोआ-१९ आणि नोआ-१५ हे जुने हवामान उपग्रह बंद करण्यात आले. माझ्या पेटीला तेवढेच कळत होते. एका शाळेतून ती परत न्यायला गेलो, तर नववीतली मुलगी म्हणाली, “सर, उपग्रह बंद पडलाय. अँटेना तर चांगलीय ना?”

मला उत्तर सुचेना. अँटेना चांगलीच होती. रशियाचे मेटिऑर उपग्रह त्याच १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चित्रं पाठवतात. फक्त त्यांची पद्धत डिजिटल आहे. पेटीतला रिसीव्हर तोच चालणार होता, प्रोग्राम तेवढा बदलायचा. तो बदलायची वाट मीच झाकणाखाली बंद करून ठेवली होती. जे मला सुचायला हवं होतं, ते तिने विचारलं होतं.

पेटी तिथेच उघडली. नंतर मुलांनी दुसरी अँटेनाही केली: पीव्हीसी पाइपचा तुकडा, सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या सळ्या, मध्ये १२० अंशांचा कोन. पहिल्यांदा नुसती खरखर आली. मी पुढे होण्याआधीच त्यांनी केबलचा सैल जोड शोधला. पुढच्या फेरीला पडद्यावर पट्टीमागून पट्टी चित्र उतरू लागलं: किनारा, अरबी समुद्रावरचे ढग. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या जिल्ह्यातली मुलं ते ढग स्वतः मिळवून बघत होती.

आता संचाला झाकण नाही. सोबत मापं, जोडणीचं चित्र आणि प्रोग्राम बदलायची कृती देतो. किंमत कमी करताना मी पैपैचा हिशेब केला होता. बिघडलेला संच शाळेतच दुरुस्त करू शकणारे हात मात्र त्यात धरलेच नव्हते.