कानशीचा चाकू

यावल, जि. जळगाव
कार्तिक वद्य पंचमी

चि. राणीस,


परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. अप्पांचा चाकू कुठे आहे, आणि तिकडे शेफील्डात रोजच्या कामाला खिशात कोणता चाकू ठेवावा. तुझा लँडस्केपचा अभ्यास म्हणजे बागेत, मातीत काम. सुतळी कापायची, छाट घ्यायची, खताची पिशवी फोडायची. चाकू लागणारच. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती फोनवर घाईत सांगण्यासारखी नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

चाकू माझ्याकडेच आहे. तू तो अप्पांचा म्हणतेस, पण मुळात तो अप्पांच्या वडिलांचा, बाबांचा, म्हणजे तुझ्या पणजोबांचा. मूठ म्हशीच्या शिंगाची, तिला पितळी खिळे. पातं पाठीकडे काळं, धारेजवळ रुपेरी, आणि पाजवून पाजवून मधोमध खोलगट झिजलेलं. तो काळेपणा गंजाचा नाही, केळीच्या चिकाचा आहे. हा चीक कपड्याला लागला तर डाग जन्मभर जात नाही, आणि साध्या पोलादाला लागला तर त्यावर असा काळा थर धरतो. आपल्या भागात घड उतरवायला विळा वापरतात, त्या कामाला चाकू नाही चालत. पण बागेत त्याशिवाय शंभर बारीक कामं असतात. घडाला टेकू दिला की दोरी कापायची, जेवायला पान काढायचं, पोत्याची शिवण उसवायची. पुढे ठिबक आलं तेव्हा नळीचा फुटका तुकडा कापून जोड बसवायचा. अप्पांनी हे सगळं या एका पात्यावर केलं. तुला आठवत असेल, दुपारी बांधावर बसून ते याच चाकूनं तुला कैरीच्या फोडी करून द्यायचे, आणि पातं धोतराला पुसून मिटल्याशिवाय बोलायचे नाहीत.

आता त्याची गोष्ट. बाबांकडे आधी दुसराच चाकू होता, विलायती. दोन पात्यांचा, हस्तिदंती मुठीचा, पात्यावर जोसेफ रॉजर्सचं नाव आणि त्यांची खूण, एक चांदणी आणि एक क्रूस. ही कंपनी तुझ्याच शेफील्डची. त्या काळी तिकडचा माल मुंबईच्या बंदरात उतरायचा आणि व्यापाऱ्यांच्या हातून खानदेशातल्या पेठांपर्यंत पोचायचा. चांगला चाकू म्हणजे शेफील्डचा, असं इथले शेतकरीसुद्धा मानत.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. फैजपूर आपल्याच तालुक्यातलं, त्यामुळे गावोगावचे लोक आठवडेच्या आठवडे तिथे राबत होते. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, अमळनेरचे साने गुरुजी अशी माणसं त्यामागे होती. अधिवेशनाच्या नगराला टिळकनगर नाव दिलं होतं. गांधीजींचा आग्रह होता की मंडप, कमानी, सजावट सगळं खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतूनच व्हावं, आणि त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं होतं. बांबू, चटया, दोर, माती यांतून ते नगर उभं राहिलं.

बाबा तिथे बांबू बांधायच्या कामावर होते. अप्पा सांगायचे, बाबा अंगात खादी घालून कमानीवर चढलेले, आणि दोर कापायला खिशातून काढला तो रॉजर्सचा चाकू. खाली उभ्या असलेल्या एका स्वयंसेवकानं फक्त विचारलं, “दादा, हा कुठला?” टोमणा नव्हता त्यात, पण बाबांच्या मनाला ते लागलं. त्यांनी तो चाकू फेकला नाही. चांगली वस्तू फेकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून तो पेटीत ठेवला, आणि घरी आल्यावर लोहाराकडे जाऊन दुसरा करून मागितला.

लोहारानं पातं जुन्या कानशीचं केलं. कानस म्हणजे लोखंड घासायचं हत्यार, तेव्हा तिचं पोलाद कडक असणारच. ते तापवून, ठोकून पातळ करायचं आणि मग पाणी द्यायचं, यात कसब आहे. पाणी जास्त बसलं तर पातं तडकतं, कमी बसलं तर धार मुडपते. या चाकूला स्प्रिंग नाही, खटका नाही, कडी नाही. पातं नुसतं खिळ्याच्या कसावर धरून राहतं. ढिलं वाटलं की खिळ्यावर हलकेच दोन ठोके द्यायचे. ज्याला त्यात उणीव दिसते त्यानं तो एक दिवस वापरून पाहावा. हात उगाच जोर करत नाही, कारण पातं मिटू शकतं हे हाताला ठाऊक असतं.

खटक्याच्या चाकूबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे, आणि ते कोर्टात वकिली करताना झालं. माझ्या तरुणपणी हिंदी सिनेमानं रामपुरी घरोघरी पोचवला होता. खटका दाबला की पातं बाहेर उसळतं, कर्र असा आवाज होतो; भुसावळपासून यावलपर्यंत पोरांना त्याची भूल पडली होती. अशी चांगल्या घरची पोरं मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी पाहिली आहेत. कुणी कुणाला मारलेलं नव्हतं, नुसता खिशात सापडला होता. दोर कापायला आवाज लागत नाही. तो आवाज समोरच्या माणसासाठी असतो, आणि कायद्यालाही ते कळतं.

आपल्याकडचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच वर्षी तुमच्या तिकडे ब्रिटिश पार्लमेंटनं खटक्याचे चाकू बनवायला आणि विकायला बंदी करणारा कायदा केला. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्रांच्या यादीत येतं. मात्र घरकाम, शेती, शास्त्र, उद्योग यांसाठी केलेली पाती त्यातून वगळली आहेत. नाहीतर आपल्या केळीच्या मजुरांना विळा हातात धरता आला नसता. बटणाच्या चाकवांवर काही ठिकाणी वेगळी अधिसूचना असते; दिल्लीत १९८० पासून अशा चाकवाची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन इंच आहे. आणि सणासुदीला, निवडणुकीला आपल्या जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात सुरे, लाठ्यासुद्धा येतात. अप्पांना कलम माहीत नव्हतं, पण अट्रावलच्या मुंजोबाच्या यात्रेला निघताना ते चाकू घरी काढून ठेवत. गर्दीत चाकवाचं काय काम, एवढंच म्हणत.

तुझ्याकडचा कायदा मी नीट वाचून काढला. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचं कलम १३९. सार्वजनिक जागी पातं किंवा टोक असलेली वस्तू योग्य कारणाशिवाय बाळगणं गुन्हा आहे. सूट एकालाच: मिटणारा खिशातला चाकू, ज्याची धार तीन इंचांहून जास्त नाही. त्यासाठी कारण दाखवावं लागत नाही. पण “मिटणारा” याचा अर्थ तिथल्या कोर्टानं हॅरिस खटल्यात बांधून दिला आहे. चाकू उघडल्यावर कडी बसत असेल, बटण दाबून किंवा कडी फिरवूनच तो मिटत असेल, तर तो या सुटीत बसत नाही. मग पातं दोन इंचांचं का असेना.

दुकानात फसगत होते ती इथेच. दुकानदार विकतो म्हणजे खिशात घालून फिरायला चालतं असं नाही. फ्रान्सचा ओपिनेल मला फार आवडतो, साधा, लाकडी मुठीचा. पण १९५५ पासून त्याला फिरती कडी आली, आणि त्याचा सगळ्यांत खपणारा आठ नंबर साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आहे. तो तुला खिशात नको. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे ९१ मिलिमीटरचे लाल चाकू चालतील, त्यांना पाठीची स्प्रिंग आहे, कडी नाही. त्याच कंपनीच्या १११ मिलिमीटरच्या मोठ्या चाकवांना कडी असते, ते घेऊ नकोस. कलम बांधायचा न मिटणारा चाकू अभ्यासाला लागला तर तो हत्यारांच्या पेटीत राहू दे, कामाच्या जागेपासून कामाच्या जागेपर्यंत, आणि त्या दिवशीच. विचारलं तर कारण सांगता आलं पाहिजे.

आणखी एक, हे मी वकील म्हणून सांगतो. कायद्यात बसणारा चाकूसुद्धा “स्वतःच्या बचावासाठी ठेवलाय” असं म्हणालीस तर शस्त्र ठरतो. असं बोलू नकोस, आणि मनातही आणू नकोस. रात्री एकटीनं यायची भीती वाटत असेल तर मैत्रिणीला बरोबर घे, टॅक्सी कर, मला फोन कर. चाकू त्यासाठी नाही. आणि कोर्ट, फुटबॉलचं मैदान, विमानतळ, तुमच्या विद्यापीठाची वसतिगृहं, यांचे नियम वेगळे असतात, ते तू तिथे विचारून घे.

तुझ्याकडचा कायदा वाचल्यावर मी दोन्ही चाकू काढून मोजले. रॉजर्सचं मोठं पातं सव्वातीन इंच भरलं. शेफील्डात घडलेला तो चाकू आज शेफील्डच्या रस्त्यावर तुला खिशात ठेवता येणार नाही. बाबांनी यावलात करून घेतलेल्या चाकवाची धार पावणेतीन इंच आहे, आणि त्याला कडी नाहीच. हे पाहून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. बाबांनी तो मापून घेतला होता तो कुठल्या कायद्यासाठी नव्हे, सदऱ्याच्या खिशात बसावा म्हणून.

तेव्हा नवीन घ्यायची गरज नाही. तुझा दादा पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्याजवळ देतो. हातातल्या बॅगेत नाही, सामानात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत, आधी पुठ्ठ्यात, मग फडक्यात गुंडाळून. रॉजर्सचा इथेच पेटीत राहील.

हा कानशीचा चाकू तुमच्या स्टेनलेससारखा नाही. स्टेनलेस १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्लीनं तुझ्याच गावात शोधलं, पण कानशीच्या पोलादाला ते माहीत नाही. लिंबू, कैरी, टोमॅटो कापलंस की लगेच पूस. तिकडच्या पावसात तर रोज रात्री खोबरेल तेलाचं बोट फिरव. खायच्या वस्तू कापायच्या म्हणून मशीनचं तेल नको. धार गेली तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची खरखरीत कड असते, तिच्यावर पातं आडवं धरून हळू ओढ. अप्पा ओट्याच्या दगडावर करायचे, तुझ्याकडे ओटा नाही. काळा थर मात्र घासून काढू नकोस, तो गंज अडवतो.

शेफील्डात केल्हम आयलंडला संग्रहालय आहे. तिथे लिटिल मेस्टर म्हणतात त्या एकेकट्या कारागिरांची कामाची जागा जपलेली आहे. स्टॅन शॉ नावाचे त्यांच्यातले एक कारागीर २०२१ मध्ये गेले. १९४१ मध्ये चौदाव्या वर्षी कामाला लागले आणि जन्मभर खिशातले चाकू हातानं घडवत राहिले. तसा कुणी आता भेटला तर त्याला हा चाकू दाखव. खिळा कसायचा असेल तर त्याच्याच हातून कसून घे. आणि त्याला विचार, हे पोलाद बघून काय वाटतं, आणि पाणी नीट दिलंय का. तो काय म्हणतो ते सगळं मला लिहून पाठव, त्याच्याच शब्दांत.

मामीनं बामणोदची वांगी आणून काल भरीत केलं, तुझी आठवण निघाली. तब्येतीला जप.

तुझा,
मामा