आचारी आणि आचार्य

जुन्या यंत्रातील लिखाण नव्या यंत्रात आणणे म्हणजे हमालाचे काम. इकडची पेटी उचलून तिकडे ठेवली की झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती निम्मीच खरी आहे, हे आम्हांस बेळगावच्या आमच्या मामांच्या संगणकाने दाखवून दिले.

मांडीवर घेऊन वापरावयाचा हा संगणक मामांनी १९९५ च्या सुमारास घेतला होता. आज त्याची बॅटरी पार मेली आहे. भिंतीतून वीज दिली तरच तो जागा होतो, आणि जागा होताच आजची तारीख १ जानेवारी १९८० आहे असे ठासून सांगतो. स्वतःच्या जन्माआधीच्या काळात वावरणारा असा गृहस्थ विरळाच! परंतु त्याच्या पोटात आमच्या घराचा एक ठेवा होता. आजी हयात असताना मामांनी तिच्याजवळ बसून तिच्या आठवणी टिपून घेतल्या होत्या. त्यांची कागदावर प्रत नव्हती. आता आजी नाही, मामाही नाहीत. आणि आतली हार्ड डिस्क सुरू होताना अशी काही करकरते, की ती उद्या बोलेल याचा भरवसा कोणी द्यावा?

फ्लॉपीचे दार केव्हाच निकामी झाले होते. उरला तो मागच्या बाजूचा नऊ पिनांचा सीरियल पोर्ट. आजच्या लॅपटॉपला असा पोर्ट बहुधा नसतो; परंतु यूएसबीला लावावयाचा एक जोड बाजारात मिळतो, त्यावर काम भागते. मधली तार मात्र ‘नल मोडेम’ जातीची, म्हणजे आतून उलटी जोडलेली हवी. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी आले पाहिजे; साध्या सरळ तारेने दोघांची तोंडे तेवढी समोरासमोर येतात आणि ऐकत कोणीच नाही. (असा प्रकार माणसांच्या सभांतही आढळतो, पण तो विषय वेगळा.)

मामांच्या संगणकात विंडोज ३.१ होते आणि त्यातच ‘टर्मिनल’ नावाचा प्रोग्राम मुळापासून होता. दोन्हीकडे वेग ९६०० ठरविला. प्रत्येक अक्षरामागे आठ बिटांखेरीज आरंभाचा एक व शेवटचा एक असे दहा बिट जातात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. पाठविण्याची रीत ‘एक्समोडेम’, जी शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली बसविली. तीत मजकुराचे १२८-१२८ बाइटांचे गठ्ठे करतात, प्रत्येक गठ्ठ्याबरोबर त्याची बेरीज पाठवितात, आणि घेणाऱ्याची बेरीज जुळली नाही तर तो तोच गठ्ठा पुन्हा मागतो. जुन्या दुकानातील दिवाणजींनी रोजमेळ ताडून पाहावा तसा हा व्यवहार! सर्वांत मोठी फाइल सव्वा लाख बाइटांची होती. तीस अडीच मिनिटेही लागली नाहीत. एकही बाइट हरवला नाही.

फाइल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा नि चित्रविचित्र चिन्हांचा कचरा पसरला.

दोष तारेचा नव्हता. त्या काळी मराठी लिहिण्याचे पुष्कळ फॉन्ट असे होते, की आत साठत असे एखादे रोमन अक्षर आणि फॉन्ट त्याला देवनागरीचा अंगरखा घालून दाखवीत असे. कोणत्या खुंटीवर कोणता अंगरखा, हे प्रत्येक फॉन्टवाला आपापल्या मनाने ठरवी. आम्ही मामांचा फॉन्टही त्याच तारेतून आणला. मजकूर झकास दिसू लागला, आणि घरची मंडळी म्हणाली, ‘झाले की काम!’ आमचे मन मानीना. तो मजकूर फोनवर दिसेना. ‘लग्न’ हा शब्द शोधू म्हटले तर संगणक म्हणे, येथे असा शब्दच नाही. सोंग मराठीचे, आत्मा भलताच.

तेव्हा युनिकोडात रूपांतर करणे आले. १९९१ साली युनिकोडाची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरीला त्यात हक्काचे घर आहे. पण अक्षरांचा क्रम तेथे निराळा. मामांच्या फॉन्टात ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी नि क मागून. युनिकोडात आधी क, मग वेलांटी. ‘धर्म’ मधला रफार फॉन्टात म च्या मागे, युनिकोडात म च्या पुढे. एका तयार प्रोग्रामाने हे सारे सुरेख सांभाळले. मग आमची नववीतील पुतणी वाचावयास बसली नि मध्येच थबकून म्हणाली, ‘काका, आजीच्या लग्नात आचार्यांना लाडू वळायला कोणी बसविले?’

आमच्या आईच्या लग्नात आचार्य नव्हते, आचारी होते! ‘आचाऱ्यांना’ मधला अर्धा ऱ त्या प्रोग्रामाला ठाऊकच नव्हता. त्याने सरसकट रफार देऊन टाकला होता. मराठीला हा ऱ पदोपदी लागतो, आणि युनिकोडात त्याला स्वतंत्र जागाही आहे. पण प्रोग्राम करणाऱ्याला मराठी येत असावे, तर ना! मग पुतणीने दोनशेहून अधिक चिन्हांचा तक्ता स्वतः तयार केला, आम्ही जुन्या पडद्यावरून वाचीत गेलो, ती नव्यावर ताडीत गेली. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘म्हाताऱ्या’ एकेक करून जाग्यावर आल्या. या कामी दोन रविवार गेले.

सिद्ध झालेली फाइल आम्ही इंदूरच्या धाकट्या मावशींना फोनवर पाठविली. आईच्या लग्नात त्या आठ वर्षांच्या होत्या. अक्षर मोठे करून त्यांनी रात्रभरात सारे वाचले आणि सकाळीच त्यांचा फोन आला : लाडू बुंदीचे नव्हतेच मुळी, रव्याचे होते, आईला नेहमीच घोळ होई. आजीचे वाक्य आम्ही जसेच्या तसे ठेवले, आणि त्याखाली मावशींचे म्हणणे लिहून घेतले.