खालचं चित्र

एप्रिलमध्ये यवतमाळचं ऊन कडक झालं की माळ्यावरचे जुने कॅनव्हास खाली उतरवावेत, त्यांच्यावरच नवं अमूर्त चित्र करायला. अर्धवट सोडलेली निसर्गचित्रं, कंटाळून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली व्यक्तिचित्रं. पावसाळ्यातली बुरशी वाळली की कोरड्या ब्रशनं बाहेर अंगणात झटकायची.

मागून बोटानं टिचकी मारायची. रंगाचे पापुद्रे झडले तर त्या कापडाचा नाद सोडावा. नंतर सर्जिकल स्पिरिटचा कापूस कोपऱ्यात घासून बघायचा: रंग सुटला तर अ‍ॅक्रिलिक, नाही सुटला तर बहुधा तैलरंग. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, काही वर्षांत सुटून येतो. जुन्या पांढऱ्यात शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपर ओला करूनच घासायचा.

कापड सुताचं, रंग जवसाच्या तेलात घोटलेला. कापूस आणि जवस, दोन्ही पिकं आपल्या काळ्या मातीतली.

थरांचे चित्रकार वासुदेव गायतोंडेही इकडचेच, जन्मले नागपुरात, १९२४ साली. रोलरनं रंग पसरायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा, पुन्हा थर. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. त्यांच्या चित्रातला उजेड आतून येतो असं वाटतं ते या थरांमुळे. खरवडणं हेही रंगवणंच, हे त्यांच्याकडून शिकावं. चित्रकार प्रभाकर कोलते यांच्या काही चित्रांत एका रंगाचा मोठा थर वरून येतो, आणि खालच्या गजबजाटाचे तुकडे तेवढे उघडे राहतात. जुन्या चित्रावर काम करणाऱ्यानं ही चित्रं पुन्हा पुन्हा पाहावीत.

व्हॅन गॉगच्या १८८७ मधल्या गवताच्या चित्राखाली २००८ मध्ये क्ष-किरणांनी एका बाईचा चेहरा सापडला. पिकासोच्या म्हाताऱ्या गिटारवाल्याखालीही एक बाई आहे. दोघांनाही तेव्हा कॅनव्हास परवडत नव्हता, म्हणून त्यांनी खालचं पूर्ण झाकलं. माझं म्हणणं वेगळं आहे. सगळं झाकलं तर नवाच कॅनव्हास घ्यावा की! खालचं चित्र नव्याला अडवतं, आणि त्या अडवण्यातूनच नवं चित्र घडतं.

सध्या माझ्यासमोर आहे ते जुनं चित्र: जिनिंगचं आवार, कापसाच्या गाड्या, संध्याकाळ. आभाळाचा निळा जाड आणि दगडासारखा कडक. नाइफ आडवी धरून खरवडलं तर खालून गेरूची रेघ निघाली, बैलाच्या पाठीची, जागा बदलण्याआधीची. ती ठेवली. तिच्यावर राखाडीचे पातळ थर दिले, ओले असतानाच फडक्यानं टिपले. गाडीचं चाक गेलं. त्याचा वळसा राहिला, आणि सगळं चित्र आता त्या वळशावर तोललं गेलंय.

रेखाटन टाळायला अमूर्ताकडे येणाऱ्याला यातून काही मिळणार नाही. मोडकी रचना रंगाखालीही मोडकीच राहते.

झरी-जामणीकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, मातीच्या भिंती पुन्हा पुन्हा सारवतात. थरावर थर चढून कोपरे गोल होत जातात. ती गोलाई ब्रशनं आणता येत नाही.

दुसऱ्याच्या चित्राला विचारल्याशिवाय हात लावू नये, मग ते भंगारात का मिळेना. चित्रकार रॉशेनबर्गनं १९५३ मध्ये दुसऱ्या चित्रकाराचं, डी कूनिंगचं, रेखाचित्र खोडलं, ते त्याच्याकडून मागून घेऊन.

यवतमाळ, पुसद, वणी, कुठंही कुणाच्या माळ्यावर स्वतःचे असे कॅनव्हास पडले असतील तर रद्दीत घालू नका. आधी फोटो काढा, चौकटीमागे जुन्या चित्राचं नाव आणि साल लिहा, आणि मगच नाइफ हातात घ्या.