मोठ्यानं वाचणारं घर

माझ्या सासूबाईंची नजर मधुमेहानं हळूहळू अधू होत गेली. आधी वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपाच्या बातम्या सुटल्या, मग कादंबऱ्या, शेवटी भिंगाखालीही अक्षरं जुळेनात. टिळकपथावरचं आमचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. नाशिककर त्याला ‘सावाना’ म्हणतात. आई भाजीला म्हणून बाहेर पडायच्या आणि पिशवीत मेथीच्या जुडीखाली सावानाचं पुस्तक घेऊन यायच्या. अशा बाईला वाचता येऊ नये हे मला फार लागलं. मग रात्रीची जेवणं उरकून ओटा पुसला की मीच वाचून दाखवायला बसू लागले.

लिहिणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे वाचन हे दार लावून, एकटीनं करायचं काम अशीच माझी समजूत होती. मनात वाचताना मी रटाळ परिच्छेद ओलांडायची, नको वाटणारं पान भरभर उलटायची. समोर कुणी ऐकत बसलं की तशी पळवाट राहत नाही. प्रत्येक शब्द तोंडातून जावा लागतो.

सुरुवात ‘श्यामची आई’नं केली. साने गुरुजींनी ते १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत: श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. आम्हीही रोज एकच रात्र वाचायचो. लहानपणी मी ते दोन बैठकांत संपवलं होतं. असं पुरवून ऐकताना कळलं, की ते पुस्तक मुळात सांगण्यासाठीच रचलेलं आहे. सातपूरच्या कारखान्यातून थकून आलेला नवरा दारात बूट काढता काढता तिथेच टेकायचा. दिवाळी अंकांपलीकडे तो फारसा जात नसे. पण मी चुकून दोन ओळी गाळल्या, तर टोकायचा मात्र तोच.

बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ वाचायला घेताना मी जरा बिचकले होते. बागूल इथलेच, नाशिकरोडजवळच्या विहितगावचे. संग्रह १९६३चा. जात लपवून परगावी नोकरीला गेलेल्या तरुणाची ती कथा. त्याला मारहाण होते तिथवर आले आणि आई म्हणाल्या, “थांब गं जरा.” त्यांचं माहेर पंचवटीतलं, काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीतलं. २ मार्च १९३०ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं चालवला. त्या दिवसांत आपल्या घरच्यांनी वाड्याचा दिंडीदरवाजा आतून लावून घेतला होता, हे आईंनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं. “आमची माणसं दाराच्या आत होती,” एवढंच त्या बोलल्या. मग म्हणाल्या, “हं, वाच पुढे. पूर्ण वाच.” इतकी वर्षं या घरात राहून ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. लेकीनं कानातले इअरफोन काढून ठेवले. मी एकटीनं ते पुस्तक कितीही वेळा वाचलं असतं, तरी तो दिंडीदरवाजा मला दिसला नसता.

नाटकं तर वाटूनच वाचायची असतात, असं माझं ठाम मत आहे. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर या दोघांच्या गावात राहून नाटकं कपाटात ठेवायची म्हणजे अन्यायच! ‘नटसम्राट’ घेतलं तेव्हा बेलवलकर नवऱ्याकडे, कावेरी माझ्याकडे आणि नलू लेकीकडे आली. आईबापांवर चोरीचा संशय घेणारी मुलगी. समोर आजी बसलेली. लेक दोन वाक्यं बोलली आणि अडखळली. आई तिला म्हणाल्या, “अगं, नलूला तेव्हा खरंच तसं वाटत असतं. तशीच बोल.” नलूकडे असं कुणी पाहिलेलं मी तोवर कुठल्या परीक्षणातही वाचलं नव्हतं.

याचा माझ्या लेखनावर थेट परिणाम झालाय. आता कुठलाही लेख पाठवण्याआधी मी आईंना वाचून दाखवते. त्या व्याकरणातलं काही सांगत नाहीत. “इथे दम लागतो,” म्हणतात, किंवा “हे तू बोलतेस तसं नाही.” ते वाक्य मी मोडते. आपल्याकडे पोथी वाचली जायची ती चार जणांत बसून. श्रीधरांच्या ओव्या तर श्रोत्यांना हाक मारत पुढे सरकतात. वाचन कमी झाल्याची तक्रार सगळीकडे ऐकू येते. मला जास्त खंत वाटते ती सोबतीनं वाचण्याची सवय मोडली याची. ती परत लागू शकते, हे मी घरात पाहते आहे.

हल्ली लेकीनं वाचनाची पाळी स्वतःकडे घेतलीय, सावानाचं कार्डही तिच्याकडेच असतं. रहस्यकथा आणते आणि उत्सुकतेपोटी सुसाट वाचत सुटते. काल आईंनी तिला मधेच अडवलं. “स्वल्पविरामाला थांब. खुनी कुठे पळून जात नाही.”